कागद कापणारा कोयता : सांगलीतील एका चाकू उत्पादकाच्या प्रात्यक्षिकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कुपवाड औद्योगिक वसाहतीत दोन भावांचा एक लहान कारखाना आहे. वडिलांनी सुरू केलेल्या या कारखान्यात पूर्वी खुरपी, विळे आणि विळीची पाती तयार होत असत. पुढे थोरल्या भावाने स्टेनलेस स्टीलच्या पट्टीपासून स्वयंपाकघरातले चाकू बनवण्यास सुरुवात केली आणि धाकट्याने विक्रीची बाजू उचलली. प्रकरणातील माणसांची आणि उद्योगाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत, मात्र घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय जसे घडले तसेच ठेवले आहेत. या उद्योगाचा सल्लागार म्हणून मी दोन हंगाम त्यांच्या बैठकांना बसत होतो. एका चुकीच्या निर्णयात माझाही वाटा आहे आणि तो योग्य ठिकाणी सांगितला आहे.

चाकूंची विक्री दुकानांपेक्षा प्रदर्शनांतून अधिक होत असे. दिवाळीआधी भरणारी बचत गटांची विक्री प्रदर्शने, जत्रा आणि सांगली-मिरजेतील मंगल कार्यालयांत लागणारे सेल ही धाकट्या भावाची हक्काची ठिकाणे होती. त्याच्या प्रात्यक्षिकाचा क्रम ठरलेला असे. वर्तमानपत्राचा कागद एका हाताने उभा धरून तो चाकूने वरून खाली सरळ चिरायचा, पिकलेल्या टोमॅटोची पातळ चकती पाडायची, मग त्याच चाकूने लोखंडी तारेचा तुकडा तोडायचा आणि लगेच पुन्हा टोमॅटो कापून दाखवायचा. ही पद्धत त्याची स्वतःची नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ‘गिन्सू’ नावाच्या चाकूची जाहिरात गाजली होती. तिच्यात चाकूने पत्र्याचा डबा कापून त्याच चाकूने टोमॅटो कापला जाई, आणि त्यानंतर जगभरच्या चाकू विक्रेत्यांनी या ना त्या रूपात तोच क्रम उचलला.

या खेळामागचे शास्त्र साधे आहे. डब्याचा पत्रा किंवा बांधकामाची मऊ तार यांच्यापेक्षा कडक केलेले चाकूचे पोलाद कितीतरी कठीण असते, त्यामुळे तार तुटण्यात नवल काही नसते. शिवाय तार पात्याच्या टाचेजवळ तोडली आणि टोमॅटो टोकाकडच्या भागाने कापला, तर धारेचा वापरलेला भाग आणि दाखवलेला भाग वेगवेगळे राहतात. कागद चिरताना धारेच्या पातळपणाची आणि हात ओढण्याच्या लकबीची परीक्षा होते. ती धार आठ दिवसांनी कशी असेल, याबद्दल कागद काहीही सांगत नाही. धाकट्या भावाच्या टेबलाखाली न्हाव्याकडे असतो तसा एक चामडी पट्टा अडकवलेला असे. गर्दी ओसरली की तो पाते त्यावर दहा-वीस वेळा फिरवून घेई. यात फसवणूक होती असे मी म्हणणार नाही, कारण कोणताही चांगला स्वयंपाकी तेच करतो; परंतु गिऱ्हाइकाला धार दिसत होती आणि ती राखण्याचे काम दिसत नव्हते, एवढे खरे.

कोयत्याकडे वळण्याचा निर्णय

स्वस्त चाकू बाजारात वाढल्यावर भावांनी ऊसतोडीच्या कोयत्याचा विचार केला. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि प्रत्येकाच्या हातात कोयता असतो. हे कोयते बहुतेक गावच्या लोहाराने वाहनांच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवलेले असतात. कारखान्यात एकसारखा, कमी वजनाचा, उत्तम धारेचा कोयता तयार झाला तर तो सहज विकला जाईल, असा अंदाज होता आणि तो अगदी अवाजवीही नव्हता.

थोरल्याने साधारण ०.७ टक्के कार्बन असलेली पोलादाची पट्टी निवडली. कठीण करण्याचे काम बाहेरच्या उष्णोपचार केंद्राकडे दिले. लोहाराच्या भाषेत ज्याला हत्याराला पाणी देणे म्हणतात, ते येथे भट्टी, तेल आणि तापमापकाच्या साहाय्याने होते. पाते लाल तापवून तेलात बुडवले की ते कठीण पण ठिसूळ होते. नंतर ते पुन्हा कमी तापमानावर तापवून ठिसूळपणा उतरवावा लागतो. हे दुसरे तापमान किती ठेवायचे यावर हत्याराचा सारा स्वभाव अवलंबून असतो. सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास थांबले तर पाते फार कठीण राहते, चारशेच्या आसपास नेले तर कठीणपणा उतरतो आणि चिवटपणा वाढतो. जुने लोहार हेच पात्यावर चढणाऱ्या पिवळ्या, जांभळ्या, निळ्या रंगावरून ओळखतात.

भावांनी सव्वादोनशे अंशांचे तापमान निवडले. कारण विचारल्यावर धाकट्याने सरळ सांगितले की, मऊ ठेवलेल्या नमुन्याची तितकी बारीक धार टिकत नव्हती आणि कागद स्वच्छ चिरला जात नव्हता. म्हणजे हत्यार ज्या कामासाठी होते, त्या कामाऐवजी ते ज्या टेबलावर दाखवायचे होते त्या टेबलाने त्याचा कठीणपणा ठरवला. हा या प्रकरणातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू आहे, आणि तो घेतला जात असताना आमच्यापैकी कोणालाही तो निर्णय वाटला नाही. माझी चूक येथेच झाली. पोलादाचा कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर ५८ हा आकडा आल्याचे पाहून तो वेष्टनावर ठळक छापावा, अशी सूचना मीच केली होती.

प्रदर्शनातील यश

कराडला नोव्हेंबरच्या अखेरीस, यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, मोठे कृषी प्रदर्शन भरते. तेथे कोयता प्रथम मांडला गेला. धाकट्याने कागद चिरला, उसाचे कांडे एका घावात तिरके छाटले, तार तोडली आणि पुन्हा कागद चिरला. गर्दी जमली आणि विक्रीही झाली.

विकत घेणारे मात्र बहुतांश बागायतदार होते. त्यांनी वैरण तोडायला, बांधावरची झुडपे काढायला किंवा केवळ आवडला म्हणून एकेक कोयता नेला. ज्यांचे पोट कोयत्यावर चालते ते त्या वेळी उसाच्या फडात होते, प्रदर्शनात नव्हते. अपवाद एका मुकादमाचा, म्हणजे मजुरांची टोळी जमवून आणणाऱ्याचा. तो टोळ्यांसाठी पावसाळी कागद पाहायला आला होता. त्याने “माझ्याकडं तीस कोयते हायेत” असे सांगितले, तेव्हा धाकट्याला वाटले की त्याच्याजवळ हत्यारे आधीच आहेत आणि हे गिऱ्हाईक आपले नाही. तोडीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, उचल म्हणजे आगाऊ रक्कमही त्याच हिशेबाने दिली जाते. हे थोरल्याने मध्ये पडून सांगितले नसते, तर साठ नगांची मागणी तेथेच हातची गेली असती. आपण ज्याला विकायला निघालो आहोत त्याची भाषा आपल्या विक्रेत्याला येत नाही, हा इशारा त्या वेळी विनोदात गेला.

अडचण

साठ कोयत्यांपैकी निम्मे वाळवा तालुक्यातील नदीकाठच्या काळ्या रानात गेले आणि निम्मे खटाव तालुक्यातील माळाच्या फडांवर. पहिल्या आठवड्यात वाळव्याकडून चांगला निरोप आला, त्यामुळे भावांनी पुढच्या शंभर पात्यांचा माल कापायला घेतला. तिसऱ्या आठवड्यात मुकादम पोत्यात चोवीस कोयते घालून कारखान्याच्या दारात आला. सर्व खटावचे होते. धार झडून तिला करवतीसारखे दाते पडले होते. दोन कोयत्यांचे तर पेरभर रुंदीचे तुकडेच उडाले होते.

ऊस जमिनीलगत तोडावा, असा शेतकऱ्याचा आणि साखर कारखान्याचा दोघांचाही आग्रह असतो. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर अधिक असते आणि उंच तोडल्यास खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाचे, फुटवेही नीट येत नाहीत. जमिनीलगत तोडायचे म्हटले की घाव मातीत जाणार, आणि माळाच्या रानात मातीबरोबर दगड असणारच. कठीण आणि पातळ धार दगडावर आपटली की झडते. चिवट धार वळते, आणि वळलेली धार कानशीने पुन्हा बसवता येते.

नदीकाठच्या टोळीची तक्रार वेगळी होती आणि ती आम्हाला विचारल्याशिवाय कळली नसती. तेथे धार झडली नव्हती, पण कोयता कानस घेत नव्हता. कानशीचा स्वतःचा कठीणपणा त्याच मापावर साधारण ६२ ते ६५ असतो. ५८ च्या पोलादावर ती चालते खरी, पण घसरत, ओढून ओढून चालते, आणि कानसच लवकर गुळगुळीत होते. मजुरी टनावर मिळते. पहाटे आणि न्याहारीच्या वेळी धार लावण्यात गेलेला प्रत्येक मिनिट मोळ्यांमधून वजा होतो. थोरले बंधू त्या फडावर गेले तेव्हा एका तोडणी करणाऱ्या बाईने वेष्टनावरचे कागद चिरण्याचे चित्र त्यांना दाखवले आणि म्हणाली, “दादा, आमी काय कागद तोडाया आलोत का?” हे वाक्य पुढच्या बैठकीत थोरल्यांनी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावले.

समोर असलेले पर्याय

बैठकीत पहिला सूर बचावाचा होता. किर्लोस्करवाडी जवळच असल्यामुळे लोखंडी नांगराची गोष्ट निघालीच: लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली होती, तेव्हा आपणही धीर धरावा, असे धाकट्याचे म्हणणे होते. मला ही तुलना तेव्हाही पटली नाही. तेथे शेतकऱ्यांची भीती निराधार होती आणि वापराने ती गेली. येथे मजुरांनी हत्यार वापरले होते आणि वापरानेच तक्रार सिद्ध झाली होती.

त्यानंतर जे पर्याय खरोखर तपासले गेले, त्यांतला पहिला कोयता तसाच ठेवून सोबत अधिक कठीण, हिऱ्याच्या भुकटीची कानस देण्याचा होता. त्याने किंमत वाढली असती आणि दगडाचा प्रश्न सुटला नसता, म्हणून तो लवकर बाजूला पडला. दुसरा पर्याय कोयता बंद करून चाकूंवर परतण्याचा. थोरल्यांच्या पत्नी, ज्या हिशेब पाहतात, त्यांचे मत या बाजूचे होते आणि कापून ठेवलेला माल पाहता ते अविचारी नव्हते. तिसरा पर्याय बागायतदारांनाच गिऱ्हाईक मानून ‘घरगुती शेतीकामाचा कोयता’ म्हणून विकण्याचा होता. प्रदर्शनातल्या विक्रीचा अनुभव याला अनुकूल होता. चौथा, पोलाद तेच ठेवून दुसऱ्यांदा तापवण्याचे तापमान बदलण्याचा आणि त्याबरोबर प्रात्यक्षिकही बदलण्याचा.

एक सूचना समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकण्याचीही होती. एका घावात पाण्याच्या बाटल्यांची रांग तोडणारा कोयता दाखवला की लाखो लोक पाहतात, असे एका तरुण नातेवाइकाने सांगितले. भावांनी ही सूचना फेटाळली आणि मला तो या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना बंधने असली, तरी घरगुती, शेती किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. शेतीचा कोयता त्या सवलतीत बसतो. परंतु २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयत्याने दहशत माजवण्याचे प्रकार वाढल्यावर विक्रेत्यांनी खरेदीदाराच्या ओळखपत्राची नोंद ठेवावी, इथपर्यंत गोष्ट गेली होती. हवेत फिरणारा कोयता दाखवणारी जाहिरात कोणत्या गिऱ्हाइकाला बोलावते, हे ओळखायला कायद्याच्या पुस्तकाची गरज नव्हती.

धारेची शास्त्रीय चाचणी करून घ्यावी का, यावरही वेळ गेला. चाकूंच्या धारेसाठी आयएसओ ८४४२-५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात पाते धार वर करून बसवतात, त्यावर सिलिका मिसळलेल्या कागदाचा गठ्ठा ठरावीक दाबाने टेकवून पाते पुढे-मागे चालवले जाते आणि प्रत्येक फेरीत किती कागद कापला गेला हे मोजले जाते. आरंभीची तीक्ष्णता आणि धारेचे आयुष्य असे दोन वेगळे आकडे मिळतात. ही दोन मापे वेगळी आहेत, एवढे कळणेच भावांना उपयोगी पडले, कारण त्यांचे सगळे प्रात्यक्षिक पहिल्याच मापाचे होते. मात्र ही चाचणी स्वयंपाकाच्या चाकूंसाठी आहे. दगडावरचा घाव तिच्यात येत नाही. त्यामुळे कोयत्यासाठी खर्च करण्यात अर्थ नव्हता.

केलेली कृती

चौथा पर्याय निवडला गेला. मुकादमाला साठही नगांचे पैसे परत देण्यात आले. याला धाकट्याचा विरोध होता, कारण छत्तीस कोयते झडलेले नव्हते. पण कानस न घेणारे हत्यारही सदोषच आहे, अशी भूमिका थोरल्यांनी घेतली. शिल्लक माल उष्णोपचार केंद्राकडे परत पाठवून चारशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून घेतला, तेव्हा कठीणपणा ४८ ते ५० पर्यंत उतरला. आधीच कडक केलेल्या पात्यांना मऊ करणे तुलनेने सोपे असते, हे नशीब. धारेचा कोनही जाड केला.

कारखान्याच्या मागे एक खडबडीत चाचणी उभी राहिली. मुरमाच्या थरावर वाळका बांबू आडवा ठेवून प्रत्येक नमुन्याने पन्नास घाव घालायचे, धारेवरचे दाते मोजायचे आणि मग साध्या कानशीचे किती ओढे दिल्यावर धार परत येते ते मोजायचे. ही चाचणी कोणत्याही मानकात बसत नाही. तिचा गुण एवढाच की, वडिलांच्या वेळचे एक वृद्ध लोहार बाजूला बसून आपला कमानपाट्याचा कोयता तिच्यात उतरवायला तयार झाले. पहिल्या दिवशी त्यांचाच कोयता सरस ठरला.

प्रात्यक्षिक फडावर न्यायचे ठरले. मुकादमाच्या परवानगीने न्याहारीच्या वेळी जायचे, कोयता हातात द्यायचा, बोलायचे कमी आणि कानस पुढे करायची: आधी धार लावून पाहा, मग तोडून पाहा. दोन कोयते आठ दिवसांसाठी टोळीकडे ठेवून यायचे आणि नवव्या दिवशी परत जायचे. धाकट्याला हे प्रथम अपमानास्पद वाटले, कारण त्याच्या हातच्या कसबाला तेथे काही कामच उरले नव्हते.

वाटेतली एक अडचण कोणी हिशेबात धरली नव्हती. सणासुदीच्या किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश निघतात. अशाच एका दिवशी मोटारसायकलवर डझनभर कोयते घेऊन निघालेल्या धाकट्याला नाक्यावर थांबवण्यात आले. बिल आणि पाठवणीचे चलन जवळ होते, माल गोणपाटात शिवलेला होता, म्हणून चौकशीवर निभावले. त्यानंतर असा आदेश लागू आहे का हे आधी विचारून घेण्याची आणि नमुने सुटे न नेण्याची पद्धत पडली.

परिणाम

त्या हंगामात कोयत्याचा खर्च निघाला नाही. फडावरच्या प्रात्यक्षिकात एका फेरीला दोन-तीन नगांपेक्षा अधिक विक्री होत नव्हती आणि पेट्रोलचा हिशेब वहिनींनी बैठकीत दर वेळी वाचून दाखवला. आठ दिवसांसाठी ठेवलेल्या कोयत्यांपैकी काही परत आले नाहीत. परत न येणे ही पसंतीची खूण मानायची की तोटा, यावर भावांचे आजही एकमत नाही. पुढच्या हंगामाच्या तोंडावर त्याच मुकादमाने चाळीस नग मागवले आणि आणखी एका टोळीचे नाव सांगितले. बागायतदारांची प्रदर्शनातली खरेदी पूर्वीपेक्षा कमी झाली, कारण जाड धारेचा कोयता कागद चिरत नाही आणि पाहणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही.

अनपेक्षित परिणाम चाकूंच्या बाजूला झाला. फडावरून आल्यावर धाकट्याने चामडी पट्टा टेबलाखालून काढून टेबलावर ठेवला. आता तो प्रथम एक बोथट चाकू गिऱ्हाइकाच्या हातात देतो, टोमॅटो चिरडू देतो, आणि मग दगडावर आणि पट्ट्यावर धार आणून त्याच हाताने कापायला लावतो. तारेचा खेळ त्याने सोडला. गर्दी पूर्वीइतकी जमत नाही. थांबणाऱ्या बायका मात्र प्रश्न विचारतात, आणि चाकूबरोबर धारेचा दगडही नेतात.

वेगळे काय करता आले असते

पोलाद निवडण्याच्या आधी एक आठवडा एखाद्या टोळीबरोबर घालवला असता, तर धार कोण लावतो, कशाने लावतो आणि केव्हा लावतो, हे तीन प्रश्न फुकटात सुटले असते. आम्ही पट्टीचा भाव, भट्टीचा दर आणि वेष्टनाचा रंग यांची तुलना केली, कानशीचा विचार केला नाही. पहिला माल दोन प्रकारच्या रानांत गेला तो योगायोगाने. तो मुद्दाम तसा पाठवून दोन्हीकडून निरोप येईपर्यंत शंभर पात्यांचे काम थांबवायला हवे होते. चांगला निरोप लवकर येतो आणि वाईट निरोप पोत्यात भरून सावकाश येतो, हे उत्पादन ठरवताना लक्षात घेतले गेले नाही.

वेष्टनावरच्या ५८ या आकड्याबद्दल मी पुढे बराच विचार केला. तो खोटा नव्हता. पण वाचणाऱ्याला तो ‘अधिक म्हणजे उत्तम’ असेच सांगत होता, आणि कोयत्याच्या बाबतीत तसे नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जे म्हणतो त्यात हे बसले असते असे मला वाटत नाही. तरीही असा आकडा छापण्यापूर्वी तो कोणत्या कामासाठी हिताचा आहे, हे मी स्वतःला विचारायला हवे होते. नव्या वेष्टनावर आकडा नाही. तेथे कानशीचे चित्र आहे.

पैसे परत देण्याचा निर्णय योग्य होता का, हे सांगणे मला कठीण वाटते. छत्तीस नगांचे पैसे न देताही पुन्हा तापवून मऊ केलेले तेच कोयते परत करता आले असते आणि मुकादमाची त्याला हरकत नव्हती, असे नंतर कळले. त्याला विचारलेच नव्हते.

चाळीस नगांच्या मागणीबरोबर मुकादमाने फोनवर एक अट घातली होती, ती मात्र कोणालाच अपेक्षित नव्हती. कोयते धार न लावता पाठवा, प्रत्येक जण आपल्या हाताची धार आपण लावून घेईल, असे त्याने सांगितले. धार काढण्यासाठी त्याच वर्षी घेतलेले यंत्र सध्या चाकूंच्या कामाला लावले आहे.